मुक्काम लांबला की हिशेब बदलतो

नेपाळातल्या पोखऱ्याला दोन रात्रींसाठी जाणाऱ्या माणसाकडून माझ्या काहीच अपेक्षा नाहीत. पहाटे सारंगकोटवर सूर्योदय, मग फेवा तलावात नाव, तालबाराहीचं दर्शन, दुपारी पाताले छांगो आणि गुप्तेश्वर गुहा, तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथची गाडी. त्याने पैसे मोजले, हॉटेलवाल्याने घेतले, दोघंही मोकळे. माझं भांडण आहे ते तीन-चार महिने राहणाऱ्याशी.

हा पाठीवर सॅक टाकून येतो. अन्नपूर्णा बेस कॅम्प करून खाली उतरतो आणि मग हलतच नाही. आधी आठवडा, मग महिना, मग ‘दिवाळीपर्यंत बघू’. सगळं जग ज्याला लेकसाइड म्हणतं त्या बैदाममध्ये अशी मुलं गल्लोगल्ली दिसतात. इस्रायली आहेत, जर्मन आहेत, फ्रेंच आहेत, आणि पुण्या-मुंबईचीही आहेत. दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचं काम, संध्याकाळी तळ्याकाठी गिटार.

त्यांना तिथे राहावंसं वाटतं, यात नवल काहीच नाही. पोखरा जेमतेम आठशे-नऊशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच खाली. आणि तिथून हवाई अंतराने तीसेक किलोमीटरवर ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे उभा आहे, त्याच्या मागे ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा. मधे नजर अडवणारी उंच रांग नाही. थंडी बेताची आणि हिमशिखर थेट खिडकीत, असा योग फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो. त्यात जेवण साधं, माणसं मोकळी, खोली परवडणारी. पाय निघत नाही, हे मी समजू शकतो.

पण मुक्काम लांबला की हिशेब बदलतो. दोन रात्रींचा पाहुणा गावाचं पाणी, वीज, रस्ता वापरतो आणि त्याची किंमत हॉटेलच्या बिलात चुकती करून जातो. चार महिने राहणारा त्या गावाचा रहिवासी झालेला असतो. त्याचा कचरा रोजचा असतो, त्याचं सांडपाणी रोजचं असतं. रहिवाशाच्या सोयी घ्यायच्या आणि गावाचं काही कुरकुरलं की ‘मी काय, प्रवासी आहे’ म्हणत हात झटकायचे, हे मला मान्य नाही.

यात सगळ्यात मोठी जबाबदारी आपली, भारतीयांची आहे. कारण सांगतो.

इतर परदेशी माणसाला नेपाळमध्ये पर्यटक व्हिसा लागतो. ३० दिवसांना ५० डॉलर, ९० दिवसांना १२५ डॉलर. वाढवत वाढवत गेलं तरी एका कॅलेंडर वर्षात १५० दिवसांच्या वर राहता येत नाही. जर्मन मुलाला ही वेसण आहे. आपल्याला व्हिसा नाही, फी नाही, दिवसांची मर्यादा नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यापार करण्याची, मालमत्ता घेण्याची, हिंडण्या-फिरण्याची सवलत दिली. मतदार ओळखपत्र दाखवून सुनौलीच्या नाक्यावरून पलीकडे गेलात की कधी परत येणार, हे कोणी विचारत नाही. ज्याला कोणी विचारत नाही, त्याने स्वतःच विचारायला हवं.

आणि विचारायला सुरुवात करायची तर बैदामच्या रस्त्यापासूनच करता येते. तिथे तिबेटी बायका फिरतात. त्यांच्याही पाठीवर सॅक असते. तुम्ही चहाला बसलात की त्या शेजारी टेकतात, सॅक उघडतात आणि कापडावर माळा, कडी, पोवळ्याच्या रंगाचे मणी मांडतात. पोखऱ्याच्या आसपास तिबेटी निर्वासितांच्या जुन्या वस्त्या आहेत. ताशी पाल्खेल, ताशी लिंग ही नावं पाट्यांवर दिसतात. १९५९ नंतर आलेल्यांची मुलं-नातवंडं तिथे जन्मली, शिकली, नेपाळी बोलत मोठी झाली. पण नेपाळने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून निर्वासितांना ओळखपत्रं देणंच थांबवलं आहे. म्हणजे पोखऱ्यात जन्मलेल्या तरुण मुलीजवळ तिथे राहण्याचा कागद नाही, आणि परवा सुनौलीहून बसने आलेल्या तुमच्याजवळ तो जन्मापासून आहे. तिच्या पन्नास-शंभर रुपयांच्या कड्यावर घासाघीस करण्याआधी एवढं आठवलं, तरी पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट पाहायला पहाटे उठावं लागतं. तळ्याच्या वरच्या चढांवर सतरा-अठरा वर्षांची मुलं धावताना दिसतात, पाठीवर डोको घेऊन. डोको म्हणजे कपाळाला पट्टा लावून वाहायची बांबूची टोपली. त्यात वाळू भरलेली असते. ब्रिटिश सैन्याच्या गोरखा भरतीत २५ किलोचा डोको घेऊन पाचेक किलोमीटरचा चढ ठरलेल्या वेळात धावत पार करावा लागतो, आणि या भरतीचं मोठं केंद्र पोखऱ्यातच आहे. जागा काही शे, उमेदवार हजारोंनी. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या गोरख्यांना पेन्शन देणारं कार्यालयही याच गावात आहे. पण २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि चार वर्षांच्या नोकरीवर नेपाळने आपली मुलं पाठवणं थांबवलं. मग उरतं आखात आणि मलेशिया. बाहेर गेलेल्यांनी पाठवलेला पैसा नेपाळच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास जातो. बैदाममधली कितीतरी गेस्टहाउसं अशाच लाहुऱ्यांच्या, म्हणजे परदेशी पलटणीत गेलेल्यांच्या पैशांवर उभी राहिली. ज्या गावातून बाहेर पडण्यासाठी तिथली मुलं छाती फुटेस्तोवर धावतात, त्या गावात आपण आरामाला जातो. आरामाला जरूर जा; पण ‘ही माणसं किती समाधानी, यांना कशाची घाई नाही’ हे वाक्य तिथे उच्चारू नका. त्या पोरांना घाई आहे, आणि ती का आहे हे दोन महिने राहिलेल्याला कळायला हवं.

आता भाड्याकडे येऊ. महिन्याची खोली ठरवताना लोक ज्या चिकाटीने भाव पाडतात, ती पाहून मला संताप येतो. एक भारतीय रुपया म्हणजे एक रुपया साठ पैसे नेपाळी. हा दर १९९३ पासून तोच आहे. तुम्ही घरमालकीण दिदीशी शंभर नेपाळी रुपयांवर अडून बसता, म्हणजे साडेबासष्ट रुपयांवर अडून बसता. पुण्यात एवढ्यात एक धड कॉफीही येत नाही. तिकडे तिच्या स्वयंपाकघरातला गॅस, गावातलं पेट्रोल, डिझेल सगळं भारतातूनच येतं. २०१५ मध्ये एप्रिलात भूकंप झाला, सप्टेंबरात नवी राज्यघटना आली आणि लगेच सीमेवर माल अडला तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. नेपाळी माणूस या अडवणुकीला भारताची नाकाबंदी म्हणतो. भारताने ते कधी मान्य केलं नाही. वाद काहीही असो, त्या हिवाळ्यात हॉटेलांनी चुलीत लाकडं घालून डालभात शिजवला आणि निम्मे पदार्थ मेनूतून खोडले, हे तिथल्या दिदीला आठवतं. ‘आपण काय, एकच आहोत’ असं गळ्यात गळा घालून म्हणणाऱ्या भारतीयाकडे ती हसून बघते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्याचा अर्थ कळत नसेल, तर तुमचा लांबलेला मुक्काम फुकट गेला.

तळ्याचं तर विचारूच नका. ज्याच्या जिवावर हे सगळं गाव चालतं, ते फेवा आक्रसत चाललं आहे. १९५० च्या दशकात ते दहा चौरस किलोमीटरच्या आसपास होतं असं मानतात. २०२१ मध्ये गंडकी प्रांताने राजपत्रात नोंदवलेलं क्षेत्र ५.७ चौरस किलोमीटरच्या घरातलं आहे. पश्चिमेकडून हर्पन खोला तळ्याला मिळते आणि दर पावसाळ्यात डोंगर उतारांची माती आणून टाकते. वर डोझर लावून कच्चे रस्ते काढले की माती आणखी सुटते. १९७४ मध्ये पार्दीचा बांध फुटला, तळं उतरलं, उघड्या पडलेल्या जमिनीवर लोकांनी ताबे घेतले आणि कितीतरी जणांच्या हाती जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागदही पडला. पुढे त्याच काठावर हॉटेलं आली. २०२३ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने काठापासून ६५ मीटरच्या आतली बांधकामं हटवायला सांगितलं. ज्यांच्याजवळ कायदेशीर कागद आहेत त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे, त्यांना भरपाई मिळायला हवी. पण बॅकपॅकरला तो खटला लढायचा नाही. त्याने एवढंच करायचं आहे: पाण्याला चिकटून बांधलेल्या हॉटेलात महिना काढायचा नाही. दोन गल्ल्या मागे खोली घ्या. तळं पाच मिनिटांवर राहील, आणि कदाचित आपल्या मुलांच्या वेळेपर्यंतही राहील.

कचऱ्याचंही तसंच. नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाजवळच कचरा डेपो होता. पक्षी घिरट्या घालतात, विमानांना धोका, म्हणून तो हलवावा लागला. जिथे हलवायचा तिथल्या लोकांना तो कसा हवासा वाटणार? उरुळी देवाची आणि फुरसुंगीने पुण्याच्या कचऱ्यासाठी काय सोसलं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. चार महिन्यांत एका माणसाच्या पाण्याच्या बाटल्या किती होतात ते मोजा. मोठा जार भरून मिळतो. तोच घ्या.

आता सगळ्यात नाजूक विषय. खूप दिवस राहिलं की माणसाला काहीतरी चांगलं करावंसं वाटतं. ही इच्छा चांगलीच आहे. पण ती पुरी करण्याचा सगळ्यात सोपा दरवाजा सगळ्यात घातक आहे, तो म्हणजे अनाथाश्रम. तीन आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याबरोबर फोटो काढायचे, थोडे पैसे द्यायचे आणि निघायचं. नेपाळमधली बहुतांश बालगृहं मोजक्या पाच जिल्ह्यांत एकवटली आहेत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की. कास्की म्हणजे पोखऱ्याचा जिल्हा. परदेशी माणूस जिथे फिरतो, तिथेच अनाथ मुलं इतकी कशी जमतात? उत्तर असं की त्यांतल्या बहुसंख्य मुलांच्या आई-वडिलांपैकी कोणीतरी हयात आहे. शिक्षणाचं आमिष दाखवून दुर्गम खेड्यांतून मुलं आणली जातात, कारण दाता शहरात येतो, गावात जात नाही. युनिसेफने यावर वारंवार बोट ठेवलं आहे. सगळ्याच संस्था खोट्या नाहीत, चांगली माणसंही तिथे राबतात. पण आज आलेल्या माणसाला मुलांच्या खोलीत सोडणारी संस्था मुलांची काळजी घेत नसते, पाहुण्याची घेत असते. लळा लावून निघून जाणारी माणसं ही त्या मुलांच्या आयुष्यात आधीच खूप झाली आहेत. तुम्ही आणखी एक होऊ नका. पैसे द्यायचेच असतील तर मुलांना त्यांच्या घरी राहून शिकता यावं म्हणून काम करणाऱ्या संस्थेला द्या, आणि फोटो मागू नका.

मग करायचं काय? राहूच नये? मी उलट सांगतो: राहा, आणि पावसाळ्यात राहा.

पोखरा ही नेपाळमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे. आषाढ-श्रावणात शिखर दिसत नाही, ट्रेकर येत नाहीत, पॅराग्लायडिंग बंद, खोल्या ओस. आश्विनातल्या गर्दीत तुमच्या येण्याने गावाला काडीचा फरक पडत नाही. पावसाळ्यात मात्र एका भरलेल्या खोलीवर एखाद्या घराचा महिना निघतो. तेव्हा भाव पाडू नका, उलट ठरलेलं भाडं वेळेवर द्या. आणि सकाळी घाटावर जाऊन बसा. नाववाले कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने रात्रीचं पाणी नावेतून उपसत असतात, न बोलता, एका लयीत. पश्चिमेला पामेच्या बाजूने गढूळ पाण्याचा पट्टा तळ्यात शिरताना दिसतो. माती कशी येते हे कोणत्याही अहवालाशिवाय कळतं. काठाशी जलपर्णी दाटलेली असते. हो, तीच, आपल्या मुळा-मुठेतली. बायकांचे गट आणि नाववाले ती हाताने ओढून काढतात. वर फूल नाजूक, खाली मुळांचा जाडजूड झुबका, आणि ओली असताना एका माणसाला पेलत नाही इतकी जड. नुसती पानं तोडून चालत नाही, मुळासकट काढावी लागते. नाहीतर थोड्याच दिवसांत पुन्हा पसरते. एखादी सकाळ त्यांच्याबरोबर हात लावा. कोणी प्रमाणपत्र देणार नाही. कंबर दुखेल आणि तळं थोडं मोकळं होईल. चांगलं काम करायची इच्छा होतीच ना?

लांब राहून गावाला काहीतरी देता येतं, याचा दाखला पोखऱ्यातच आहे. जिमी रॉबर्ट्स हा ब्रिटिश गोरखा पलटणीतला अधिकारी. १९५७ मध्ये माछापुच्छ्रेवर गेलेल्या मोहिमेचा तो प्रमुख. त्याचे साथीदार माथ्याच्या अगदी जवळून, थोडकंच अंतर राखून परत फिरले, आणि त्यानंतर नेपाळने ते शिखर चढाईसाठी बंदच ठेवलं. रॉबर्ट्सने १९६४ मध्ये ट्रेकिंगची कंपनी काढली. मोहिमांवर राबणाऱ्या शेर्पांचं कसब सामान्य प्रवाशांना घडवून आणायच्या पदयात्रांत वापरायचं, ही त्याची कल्पना. आज अन्नपूर्णेच्या वाटेवर ज्या हजारो घरांची चूल पेटते, तिची सुरुवात तिथून होते. रॉबर्ट्स पोखऱ्यातच राहिला, हिमालयातले, रानकोंबड्यांच्या कुळातले दुर्मीळ पक्षी त्याने पाळले आणि १९९७ मध्ये तिथेच वारला. प्रत्येकाने कंपनी काढावी असं मी म्हणत नाही. पण राहिलेल्या दिवसांचं चीज कशात असतं, ते या माणसाकडे बघून कळतं.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं.

१९५० च्या तहाच्या ज्या कलमाने तुम्हाला बैदामच्या बाल्कनीत बिनव्हिसा बसवलं, त्याच कलमाने तुमच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन पुण्यात राहतो. सवलत तीच, हक्क तोच. तो जिन्याखालच्या खोलीत वर्षानुवर्षं काढतो, रात्री शिटी वाजवत फिरतो, लिफ्ट बंद पडली की पळतो, आणि त्याच्या कागदपत्रांची पोलीस पडताळणी झाली की नाही याची चर्चा आपण वार्षिक सभेत करतो. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर. त्याचं आडनाव विचारायची तसदी आपण घेत नाही. ‘बहादूर’ म्हणून हाक मारली की भागतं. तोही लांब मुक्कामाचाच माणूस आहे. फरक एवढाच की तो राबायला आला आहे आणि आपण विसावायला गेलो आहोत. पोखऱ्याची दिदी आपल्याला ज्या शब्दांनी बोलावते, ज्या ताटात वाढते, त्याच्या निम्म्याने तरी आपण त्याच्याशी वागतो का?

या तहाचा फेरविचार व्हावा अशी मागणी नेपाळमध्ये कित्येक वर्षांची आहे. दोन्ही देशांनी २०१६ मध्ये जाणकारांचा गट नेमला. त्याने २०१८ मध्ये अहवाल पुरा केला, तो पुढे सरकला नाही. तह राहील की बदलेल, हे दिल्ली आणि काठमांडूत ठरेल. पण भारतीय भाडेकरू हवा की नको, हे बैदामची घरमालकीण ठरवते आणि आपल्याकडे बघून ठरवते. पूर्ण भाडं द्या, काठावरची खोली सोडा, मुलांना त्यांच्या घरी शिकू द्या, जलपर्णी ओढायला हात लावा, आणि घरी आल्यावर वॉचमनला त्याच्या नावाने हाक मारा. एवढं जमत असेल, तर वर्षभर राहा. कोणाची हरकत असायचं कारण नाही.